रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

चार नंबरच्या बेडवरचा पेशंट आठवतो का? दर तासाला उठवता म्हणून तुमच्यावर खेकसणारा? तोच मी.

'काका, उजवा पाय उचला. आता डावा. टाच माझ्या तळहातावर दाबा, जोरात.' भूल उतरल्यापासून हेच चाललं होतं. छातीपासून पोटापर्यंतची फुगलेली महाधमनी बदलली होती. मज्जारज्जूला रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या तिच्यातूनच फुटतात; ते रक्त कमी पडलं तर पाय लुळे पडू शकतात. सर्जननी त्यांतल्या काही नव्या नळीला जोडल्या, ऑपरेशनभर पायांकडे जाणारे संदेश मशीनवर तपासले. शुद्धीवर आल्यावर दोन्ही पाय हलले, तेव्हा आम्ही घरचे सगळे सुटलो असंच समजलो. तुम्ही मात्र तसं समजला नाहीत.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास डावा पाय उचलला गेला नाही. 'मुंग्या आल्या असतील, झोपू द्या,' असं मी म्हटलं. तुम्ही पांघरूण बाजूला केलं, दोन्ही तळव्यांना बोट लावून पाहिलं आणि माझ्याशी वाद न घालता फोन उचलला. मॉनिटरवर सरासरी बीपी 72 होतं.

पुढचं मला नंतर समजलं. हिशेब वजाबाकीचा आहे: सरासरी बीपीतून मणक्यातल्या पाण्याचा दाब वजा केला की मज्जारज्जूला काय मिळतं ते कळतं. म्हणून औषधाने बीपी 90 च्या वर नेलं, कमरेतला बंद केलेला ड्रेन, म्हणजे मणक्यातलं पाणी बाहेर काढणारी बारीक नळी, पुन्हा उघडला, पाण्याचा दाब 10 च्या आसपास ठेवला, हिमोग्लोबिन उतरलं होतं म्हणून रक्त चढवलं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 145 रुग्णांच्या एका अभ्यासात ड्रेन नसलेल्यांत 13 टक्के जणांचे पाय लुळे पडले किंवा अशक्त झाले होते, ड्रेन असलेल्यांत 2.6 टक्के. पण ड्रेन उघडायची वेळ आली आहे, हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

आणि तो ड्रेनही सांभाळावा लागतो. मला पाणी पाजायला मुलाने पलंग उशाकडून वर केला, तेव्हा तुम्ही त्याला चांगलंच झापलंत. आम्हाला राग आला होता. पाणी भराभर निघून गेलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, हे आम्हाला कुठे माहीत!

पहाटे अंगठा हलला. सकाळी टाच तुमच्या तळहातावर दाबली, तेव्हा तुम्ही 'अजून जोरात' एवढंच म्हणालात आणि तक्त्यावर आकडा लिहिलात.

आता काठी न घेता जिना चढतो. डावा पाय जरा मागे रेंगाळतो, पण येतो. घरी सोडलं त्या सकाळी तुमची पाळी संपून तुम्ही निघून गेला होतात. खेकसल्याची माफी मागायची राहिली, आणि आभारही.

तुमचा,
बेड नंबर चार