घुबडाच्या मुठीचे रिव्हॉल्व्हर

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची सहा छायाचित्रे पोहोचली. शेजारच्या आजींनी घर आवरताना शिवणयंत्राच्या खणात सापडलेले यजमानांचे जुने रिव्हॉल्व्हर तुझ्या ओंजळीत घातले, हे वाचून हसू आले. पण पुढच्याच ओळीत 'शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर नेऊन चार बार काढून पाहतो' हे वाचले आणि ते मावळले. फोनवर तू निम्मे ऐकशील आणि निम्मे स्वतःचे सांगशील, म्हणून मुद्दाम लिहून पाठवतो आहे.

सर्वांत आधी ते रिकामे आहे याची खात्री कर. आजींनी 'रिकामेच आहे हो' असे सांगितले असले, तरी त्या वाक्यावर विसंबू नकोस. नळी भिंतीकडे नव्हे, तर जिथे गोळी सुटली तरी कोणाला इजा होणार नाही अशा दिशेला धर, बोट चापापासून दूर ठेव, घोड्यापुढची खिटी वर उचल आणि नळी बिजागरीवर हळूच खाली झुकव. नळी झुकली की सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसांची घरे असलेल्या गोल डब्याच्या, मधून एक चांदणी वर येते, आत असेल ते सारे बाहेर फेकते आणि टचकन परत आत जाते. पाचही घरांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. 'सेफ्टी ऑटोमॅटिक' हे त्याचे नाव वाचून तू दचकलास, पण त्यातले ऑटोमॅटिकपण एवढेच, की पुंगळ्या आपोआप बाहेर पडतात. गोळी मात्र चाप ओढाल तेव्हा एकच सुटते.

तुझे रिव्हॉल्व्हर मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्गच्या आयव्हर जॉन्सन कंपनीचे आहे, यात मला शंका नाही. मुठीवरचे घुबड ही त्यांची खूण. (आपल्याकडे असले काही घरात आणले असते, तर आईने उंबऱ्याबाहेरच उभे केले असते.) स्मिथ अँड वेसनने १८७० मध्ये टॉप-ब्रेकचा (वरची खिटी उचलून नळी खाली झुकवण्याचा) मोठा नमुना बाजारात आणला आणि पुढे खिशात मावणारे छोटे नमुने काढले, आयव्हर जॉन्सनने तोच घाट स्वस्तात दिला. किती स्वस्तात, तर ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलोच्या प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर झाडलेले .३२ चे रिव्हॉल्व्हर याच जातीचे होते आणि मारेकऱ्याने ते सुमारे साडेचार डॉलरला विकत घेतले होते.

आता खरा प्रश्न. याच्या तीन पिढ्या आहेत. पहिली १८९४ ची आणि दुसरी १८९७ पासूनची, या दोन्ही काळ्या दारूसाठी (बंदुकीच्या जुन्या, धूर करणाऱ्या दारूसाठी) घडवलेल्या. तिसरी १९०९ पासूनची, निर्धूर दारूसाठी नव्याने आखलेली. बाहेरून तिन्ही सख्ख्या बहिणी. घुबड नळीच्या तोंडाकडे पाहत असेल तर काळी दारू आणि नेमबाजाकडे वळून पाहत असेल तर निर्धूर, असा एक ठोकताळा लोक सांगतात. ठोकताळा चुकीचा नाही, पण मूठ स्क्रू काढून सहज बदलता येणारी वस्तू आहे. माझ्याकडे आले त्या नगाची दोन घुबडे भांडण झाल्यासारखी विरुद्ध दिशांना तोंडे करून बसली होती. म्हणून साक्ष काढायची ती यंत्राची. मूठ काढून आत पाहा: घोड्याला जोर देणारी स्प्रिंग चपटी पट्टी असेल तर जुनी पिढी, वेटोळ्याची असेल तर तिसरी. मग रिव्हॉल्व्हर बंद करून, चापाला हात न लावता सिलिंडर बोटाने फिरवून पाहा: जुन्या पिढीत ते भिंगरीसारखे मोकळे फिरते, तिसरीत जागच्या जागी अडकलेले असते. तू पाठवलेल्या चौथ्या छायाचित्रातल्या सिलिंडरच्या खाचा मला एकाच बाजूने कोरलेल्या वाटतात, म्हणून माझा कल जुन्या पिढीकडे, बहुधा दुसरीकडे, आहे.

एवढा कीस काढण्याचे कारण असे, की आज दुकानात मिळणारे जवळजवळ प्रत्येक तयार काडतूस निर्धूर दारूचे असते आणि तिचा दाब काळ्या दारूसाठी घडवलेल्या लोखंडाला झेपेलच असे नाही. काळ्या दारूच्या नगात ती सौम्य काडतुसे वापरणारे पुष्कळ आहेत आणि 'मला काही झाले नाही' असे ते छातीठोकपणे सांगतात. मला तो युक्तिवाद पटत नाही. सव्वाशे वर्षांच्या लोखंडाने काल तक्रार केली नाही, म्हणून उद्या करणार नाही असे नसते.

काडतुसाच्या नावाबद्दलही सावध राहा. मी पहिल्यांदा दुकानात जाऊन नुसते 'थर्टी-एट' म्हणालो, तर काउंटरवरच्या गृहस्थाने .३८ स्पेशलची पेटी हातात ठेवली आणि मी शहाण्यासारखा ती घेऊन आलो. घरी ते काडतूस सिलिंडरच्या घरात सरकवले, तर जवळजवळ एक सेंटिमीटर मागे बाहेर राहिले. पुस्तक उघडल्यावर उलगडा झाला: तुला-मला लागते ते .३८ स्मिथ अँड वेसन, ज्याची पुंगळी ०.७७५ इंच लांब असते, स्पेशलची १.१५५ इंच, आणि त्याचा दाबही अधिक. गंमत म्हणजे आखूड काडतुसाची गोळीच जाड असते, ०.३६१ इंच. दोन्ही नावांत .३८ असले, तरी त्यांची सोयरीक जमत नाही.

पिढी ठरली, की मग प्रकृती. खिटी लावल्यावर नळी वरखाली हलते का, ते पाहा; बिजागरी आणि खिटी ढिली असेल, तर विषय तिथेच संपला. नळीत विजेरीचा उजेड टाक: गंजाचे खड्डे चालतील, पण कुठे कडे पडल्यासारखा फुगवटा दिसला तर नाही. घोडा सावकाश चढव, तो अंगठ्याने आवरून चाप दाबलेलाच ठेव आणि सिलिंडर डुगडुगते का पाहा. प्रत्येक घर नळीच्या बरोबर रेषेत आले नाही, तर शिशाचे तुकडे बाजूला उडतात. रिकामा घोडा वारंवार आपटू नकोस, जुनी चपटी पट्टी फट्‌दिशी मोडते आणि तिचा जोड मिळवताना नाकी नऊ येतात. हे सारे करूनही ते एकदा जुन्या रिव्हॉल्व्हरांची सवय असलेल्या बंदूक-कारागिराला दाखवच.

त्याने होकार दिला तरच रेंज. पिढी पहिली किंवा दुसरी निघाली, तर काळ्या दारूने भरलेली काडतुसेच वापर. ती भरून देणारा माहीतगार माणूस मी गाठून देतो, तू स्वतः भरायच्या फंदात पडू नकोस. पहिला बार हातात धरून काढायचा नाही. रिव्हॉल्व्हर शिकंजात आवळायचे, एकच काडतूस घालायचे, आडोशामागे जाऊन दोरीने चाप ओढायचा आणि पुंगळी निरखून पाहायची: फुगली, चिरली किंवा तिची टोपी मागे सरकली असेल, तर त्या दिवशी घरी यायचे. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवेच. सिलिंडर आणि नळी यांमधल्या फटीजवळ बोट नको आणि शेजारी कोणी उभे राहायला नको. घरी आल्यावर काळ्या दारूची काजळी त्याच संध्याकाळी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून तेल लाव. एक रात्र राहिली तरी गंज धरतो.

कायद्याचे थोडक्यात: १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र इथला, अमेरिकेचा, संघीय कायदा प्राचीन मानतो, त्यानंतरचे कितीही जुने दिसले तरी साधे शस्त्रच. तुझ्या राज्याचा नियम मात्र वेगळा असू शकतो, तो आधी वाच.

माझ्या नगाची बिजागरी ढिली निघाली. त्यामुळे तो दसऱ्याला पाटावर येतो, झेंडूचे फूल आणि कुंकू घेतो आणि कपाटात परत जातो. तुझ्या नगाचे तसे होईलच असे नाही. मूठ काढून आतल्या स्प्रिंगचे छायाचित्र आणि मुठीखालच्या अनुक्रमांकाचे एक, असे दोन्ही शुक्रवारपर्यंत पाठव. ते पाहीपर्यंत काडतुसांची पेटी घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना