खडी क्रशरचे पट्टे अकाली का तुटतात?

महोदय,

खडी क्रशरचे व्ही-बेल्ट, म्हणजे मोटारीची शक्ती यंत्राकडे नेणारे पट्टे, वारंवार तुटू लागले की दोष पट्ट्यांच्या दर्जाला दिला जातो; चूक मात्र बहुधा निवडीत असते. मोटारीच्या पाटीवरील अश्वशक्ती पाहून पट्टे घेतले जातात, पण दगड चिरडताना बसणारे धक्के आणि रोजचे कामाचे तास विचारात घेऊन त्या आकड्याला साधारण १.३ ते १.८ या सेवा गुणकाने गुणावे लागते. म्हणजे गुणक १.५ धरल्यास २० अश्वशक्तीच्या मोटारीला ३० अश्वशक्ती पेलणारे पट्टे हवेत. लहान पुलीला (पट्टा ज्यावरून फिरतो त्या चाकाला) पट्ट्याचा वेढा १८० अंशांहून, म्हणजे अर्ध्या चाकाहून, कमी असल्याने क्षमता आणखी घटते, हे तर क्वचितच कोणी मोजते. तुटलेला एकच पट्टा बदलण्याची काटकसरही महागात पडते, कारण सैल झालेल्या जुन्यांशेजारी नवा पट्टा प्रमाणाबाहेर भार ओढतो. विक्रेत्यांनी यंत्र कोणते आणि किती तास चालते, एवढे तरी विचारावे.

– एक देखभाल अभियंता