हात मांडीखाली

फोंडा, गोवा
रविवार सकाळ

प्रिय भाई,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा जरा वाईट वाटलं. पंचावन्नाव्या वर्षी मोबाइलवर बुद्धिबळ सुरू केलंस, तीन महिने झाले, रेटिंग, म्हणजे खेळाची पत दाखवणारा आकडा, सहाशेच्या वर सरकत नाही आणि आता मला विचारतोस, "कुठलं ओपनिंग पाठ करू तेवढं सांग." मोबाइलवर लांबलचक टाइप करणं माझ्या बोटांना झेपत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय काल रात्रीपासून वीज नाही. सोप्यावर उजेड चांगला आहे, पोदेर (पाववाला) येऊन गेलाय, चहा झालाय.

ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली. तर उत्तर आधीच देतो: कुठलंच नाही. रागावू नकोस, मी स्वतः त्याच वाटेनं जाऊन आपटलोय.

गेल्या वर्षी, २०२५ च्या नोव्हेंबरात, इथे हडफड्याला विश्वचषक झाला ना, २०६ खेळाडूंचा, बाद फेरीचा. महिनाभर मी रोज दुपारी मोबाइलवर समालोचन लावून बसायचो. हिला वाटलं, ह्याला वेड लागलं. विश्वविजेता गुकेश तिसऱ्याच फेरीत गेला, प्रज्ञानंद चौथ्या फेरीत, आणि शेवटी १९ वर्षांचा उझबेक मुलगा सिंदारोव चषक घेऊन गेला. खूप मजा आली. पण त्या महिन्यात माझं स्वतःचं रेटिंग शंभरानं खाली आलं! कारण काय, तर मी त्यांची ओपनिंगं उचलायला लागलो होतो.

त्यातलं एक पेट्रोव्ह, काळ्याकडून खेळायचं. (घराच्या नावात अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी.) पांढऱ्याचं प्यादं ई४ वर, आपलं ई५ वर, त्याचा घोडा एफ३, आपलाही घोडा एफ६. दिसायला किती सोपं! तो आपलं ई५ चं प्यादं मारतो, तर आपण त्याचं ई४ चं मारायचं, हिशोब चुकता. मी मारलं. समोरच्यानं वजीर ई२ वर आणला. माझा घोडा अडचणीत आला, म्हणून मी तो एफ६ वर परत घेतला, मोठ्या शहाणपणानं. त्यानं आपला घोडा ई५ वरून उचलला आणि सी६ वर ठेवला. घोडा बाजूला होताच मागच्या वजिराचा माझ्या राजाला शह, आणि तोच घोडा माझ्या वजिरावर. राजा वाचवायचा की वजीर? पाचव्या चालीला वजीर गेला. मोठे खेळाडू तिथे ई४ चं प्यादं मारण्याआधी डी६ खेळून तो घोडा हुसकावतात, आणि त्या डी६ चं कारण नेमकं हेच. चाल मला पाठ होती, कारण माहीत नव्हतं.

आपल्या गावच्या उत्सवी नाटकात तू दरवर्षी सरदार व्हायचास आणि दुसऱ्या अंकात समोरच्यानं एक वाक्य गाळलं की तुझी बोबडी वळायची, आठवतं? संवाद तुला तोंडपाठ असायचे, पण कशाला काय उत्तर द्यायचं हे नाही. सहाशेच्या रेटिंगला समोरचा तिसऱ्या चालीलाच वाक्य गाळतो रे. आणि बुद्धिबळात विंगेत प्रॉम्प्टर नसतो.

तेव्हा सुरुवातीला एवढंच कर. मधल्या घरांत एखाददुसरं प्यादं पुढे काढ, घोडे आणि उंट बाहेर आण, एकच सोंगटी कारण नसताना दोनदा हलवू नकोस, वजीर घरात ठेव, आणि दहाव्या चालीच्या आत किल्लेकोट कर, म्हणजे एकाच चालीत राजा दोन घरं हत्तीकडे ने आणि हत्ती त्याच्या पलीकडे ठेव. तळाच्या ओळीवर दोन्ही हत्तींना एकमेकांची तोंडं दिसायला लागली की ओपनिंग संपलं समज. आपण आबांकडून शिकलो त्या देशी पद्धतीत किल्लेकोट नव्हता, राजाला एकदाच घोड्याची उडी असायची, म्हणून तुझा हात अजून तिकडे वळत नाही. आणि हो, "मोबाइलनं माझं प्यादं फसवून खाल्लं" असं जे तू रागानं सांगितलंस ना, ती फसवणूक नाही. आबांकडे प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालायचं, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. इथे तू दोन घरं उडी मारून समोरच्याच्या प्याद्याच्या अगदी शेजारी जाऊन बसलास, तर ते तुला एकच घर चालल्यासारखं तिरकं मारू शकतं, पण फक्त लगेचच्या चालीत. आँ पासाँ म्हणतात त्याला.

आता मुख्य गोष्ट. ही मला तिसरीतल्या एका मुलीनं शिकवली.

म्हापशाला एक रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) स्पर्धा होती, तिथे गेलो होतो. हॉलमध्ये निम्म्याहून जास्त पोरं, आयांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. आपल्या गोव्यात आता लहान वयातच खेळाला लागतात रे. अनुराग म्हामल २०१७ साली गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर झाला, मग लिऑन मेंडोन्सा आला, भक्ती कुलकर्णी २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडला कांस्यपदक मिळवणाऱ्या महिला संघात होती. पोरांना हे सगळं पाठ असतं. तर माझ्यासमोर ही चिमुरडी, पाय जमिनीला टेकत नाहीत. मी काळ्याकडून. तिचा किल्लेकोट केव्हाच झाला होता, माझा राजा ई८ वरच. तिनं सी३ चा घोडा बी५ वर आणला. मी मनात म्हटलं, एकच घोडा दोनदा, पोरच ते. मला मात्र तिचं एच२ चं प्यादं दिसत होतं. वजीर डी८ वरून एच४ वर न्यायचा, पाठोपाठ उंट आणायचा, मात! मी ऐटीत वजीर नेला आणि घड्याळ दाबलं.

तिनं घोड्यानं सी७ चं प्यादं मारलं. राजाला शह, आणि कोपऱ्यातला ए८ चा हत्ती त्याच घोड्याच्या तोंडात. त्या सी७ वर राखण कोणाची होती? माझ्या वजिराची. तो मी माझ्याच हातानं हलवला होता. पोरीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चिप्सचं पाकीट फोडायला लागली. सत्तावीस चालींत खलास.

डाव संपल्यावर तिला विचारलं, "बाय, तुला कसं दिसलं?" म्हणाली, "अंकल, तुमचा वजीर उठला ना." बस. एवढंच.

भाई, सहाशेचा खेळाडू डावपेचात हरत नाही, फुकटात हरतो. आपली सोंगटी फुकट देतो, नाहीतर समोरच्यानं फुकट दिलेली बघत नाही. म्हणून समोरच्याची चाल झाली की आधी आपला बेत बाजूला ठेव. त्याची सोंगटी जिथे बसली तिथून ती काय मारू शकते ते बघ, आणि जिथून उठली तिथे मागे काय उघडं पडलं तेही बघ. हे दुसरं कुणी बघत नाही. मग आपली चाल ठरव, पण करू नकोस. हात मांडीखाली दाबून ठेव, अगदी खरोखर, मी तसाच बसतो. आता मनातल्या मनात ती चाल झाली असं धर आणि समोरच्याच्या खुर्चीत जाऊन बस: त्याच्याकडे कुठला शह आहे, तो काय मारू शकतो, कशाची धमकी देऊ शकतो? काही दिसलं नाही तरच हात बाहेर काढ. समोरासमोरच्या खेळात सोंगटीला हात लागला की तीच चालवावी लागते, त्यामुळे ही सवय तिथे तर फारच कामाला येते.

पहिले पंधरा दिवस कंटाळा येईल. गाडी शिकताना क्लच, ब्रेक, आरसा वेगवेगळे आठवावे लागायचे ना, तसं. पण तीन मिनिटांच्या डावात हे सगळं होणार कसं? म्हणून तो तीन मिनिटांचा खेळ बंद कर. रागावलेला माणूस रात्री साडेअकराला "अजून एक, अजून एक" करत जे खेळतो ना, ते बुद्धिबळ नव्हे, तो जुगार. पंधरा मिनिटांचा, दर चालीला दहा सेकंद वाढणारा डाव घे. दिवसाला एक. हरलास तर मोबाइल बंद.

आणि एक वही कर. मी जुनी डायरी घेतलीय. हरलेल्या डावात कुठल्या चालीला सगळं बिघडलं ते आधी स्वतः शोधतो, इंजिन (चाली तपासणारा कंप्युटर प्रोग्राम) नंतर. इंजिन लगेच लावलं की ते आकडे दाखवतं आणि आपण माना डोलावतो, डोक्यात काही राहत नाही. चालीपुढे कारण लिहितो, चारपाच शब्दांत: "बघितलंच नाही", "बघितलं पण मोजलं नाही", "घाई". माझ्या वहीत अर्ध्याहून जास्त पानांवर "बघितलंच नाही" आहे. मोठे मोठे सिद्धांत शिकून ते कमी झालं नसतं.

मोजण्यावरून आठवलं. प्यादं एक, घोडा तीन, उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, हा हिशोब तुला ठाऊक आहे. पण तू मारामारी सुरू करतोस आणि मध्येच थांबतोस. एका घरावर तुझे किती, त्याचे किती, आणि पहिली कुठली सोंगटी आत जाणार, हे मोजल्याशिवाय तिथे पाय टाकू नकोस. सोंगट्यांत पुढे असलास की मात्र बिनधास्त काटाकाटी कर.

कोडी रोज सोडव, वीस मिनिटं. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ती फुकट आहेत, जाहिरातीही नाहीत. पण आपली ऐपत दाखवायला कठीण कोडी घेऊ नकोस. एका चालीत मात, दोन चालींत मात, घोड्याचा फोर्क (एकाच वेळी दोन सोंगट्यांवर मारा), पिन (मागे मोठी सोंगटी असल्यानं पुढची अडकून पडणं), असे साधे विषय निवड आणि एकच विषय आठवडाभर घे. अंदाजानं सोंगटी सरकवून "बघू लागतंय का" करायचं नाही. शेवटपर्यंत मनात दिसलं की मगच हात लाव. महिन्याभरात खेळताना ती चित्रं आपोआप डोळ्यांसमोर येतात, खरंच सांगतो.

शेवटचा खेळ लोक आळसानं सोडून देतात. तू मागच्या आठवड्यात वजीर हातात असून डाव बरोबरीत घालवलास म्हणालास ना? काय झालं असणार ते मी न बघता सांगतो. त्याचा राजा एच८ च्या कोपऱ्यात, तू घाईनं वजीर जी६ वर ठेवलास. आता जी८, जी७, एच७, तिन्ही घरं तुझ्या वजिराच्या माऱ्यात, पण राजाला शह नाही. त्याला चालच उरली नाही, स्टेलमेट, अर्धा गुण. वजिरानं राजाला कडेपर्यंत ढकलायचं, त्याला एक घर मोकळं ठेवायचं, आणि मग आपला राजा जवळ आणायचा. आपला राजा आणल्याशिवाय मात होत नाही, हे आपण विसरतो. राजा आणि वजीर विरुद्ध नुसता राजा, हे दहा वेळा कंप्युटरशी खेळ. मग राजा आणि एक प्यादं घे. तिथे एकच गोष्ट डोक्यात ठेव: राजानं प्याद्याच्या पुढे चालायचं. तुझा राजा ई६ वर, प्यादं ई५ वर, त्याचा राजा ई८ वर, तर चाल कोणाचीही असो, तू जिंकलास. फक्त अगदी कडेचं प्यादं असेल आणि त्याचा राजा कोपऱ्यात पोचला असेल, तर सोडून दे, बरोबरी.

क्लास लावायचा का म्हणून विचारलंस. पुण्यात क्लास पुष्कळ असतील, पण सध्या पैसे घालवू नकोस. फुकट देणं थांबलं, हजारच्या पुढे गेलास, की बघू. आणि सहा महिन्यांत एखाद्या स्पर्धेत खऱ्या पटावर बस. मोबाइलवर पट सपाट दिसतो, तिथे उभ्या सोंगट्यांमागे उंट लपतो, तेव्हा कळेल. लहान पोरं हरवतील, त्याची तयारी ठेव.

वीज आली बघ आत्ता, पंखा फिरायला लागला. हिनं विचारलंय, जत्रेला येणार की नाही ते नक्की कळव, खोली झाडून ठेवते म्हणाली. आबांचा लाकडी पट मी माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय. वाळवी लागली नाही, रंग तेवढा उडालाय. फक्त एक काळा उंट सापडत नाही, त्याच्या जागी सध्या कोकमच्या बाटलीचं झाकण उभं आहे. तिकडे लक्ष्मी रोडला वगैरे सुटा मिळाला तर घेऊन ये. उंची साधारण तुझ्या अंगठ्याएवढी.

तुझा,
बाबू