चारचाकी दिसली की नाव कट?

संपादक साहेब,

लाडकी बहीण योजनेत घरात कुणाच्या नावावर चारचाकी असली की बाई अपात्र, ट्रॅक्टर मात्र चालतो, याबद्दल थोडं लिहायचंय. अट अडीच लाख उत्पन्नाची आहे, पण पगारदार सोडले तर कुणाची खरी कमाई कागदावर असते हो? म्हणून गाडी, इन्कम टॅक्स असल्या खुणा बघायच्या, आयडिया तशी वाईट नाही. पण आमच्या गल्लीत एकाकडे जुनीपुराणी ओम्नी आहे, मागचा दरवाजा दोरीनं बांधलेला, त्यात भाजी भरून तो बाजार करतो, आणि समोर दोन मजली बंगला, दारात दोन बुलेट, दोन एसी, पण चारचाकी नावावर नाही म्हणून ते पास! सुरुवातीला 5 एकर जमिनीची अट होती ती 2024 मध्येच काढली, आणि पिवळं-केशरी रेशनकार्ड असलं की उत्पन्नाचा दाखलाही नको. कार्ड कधीच्या काळी काढलंय ते कोण बघतं.

इन्कम टॅक्सवाले बघा, वर्षाचं लाईटबिल 1 लाखाच्या वर गेलं किंवा परदेश प्रवासावर 2 लाखांच्या वर खर्च झाला तर कमाई कमी दाखवली तरी रिटर्न भरावंच लागतं. म्हणजे खर्च बघतात, आणि लगेच दंड नाही, आधी हिशोब द्या म्हणतात. इथंही आरसी बुकात गाडी कोणत्या सालची, पॅसेंजर का मालवाहू सगळं असतंय, ते बघा, सोबत लाईटबिल बघा, आणि नाव कापायच्या आधी त्या बाईला एकदा विचारा तरी.

– एक वाचक, सांगली