तितराला उडता येत नाही म्हणे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं की तितर म्हणजे रानातली कोंबडीच, नुसता पळतो, धड उडता पण येत नाही. साहेब, त्यांना म्हणावं एकदा सकाळी सहाला नवी मुंबईत खारघरच्या टेकडीवर या. परवा मी गवतातून चाललो होतो, पायाजवळून फर्रर्र करून असा काही उडाला की हातातला थर्मास पडला, मान वर करेपर्यंत हा समोरच्या करवंदीच्या जाळीत गायब. फोटोत काय आलं तर हललेलं गवत.

पळतो हे खरंय, अगदी गळ्याशी आल्याशिवाय उडत नाही. पण तितर, लावा, रानकोंबडा, आपला मोरसुद्धा, सगळे एकाच कुळातले, पंख आखूड आणि छाती दणकट, त्यामुळे जागच्या जागी उसळी मारतात पण दम टिकत नाही, शंभर-दोनशे मीटर गेले की पंख ताणून तरंगत खाली. चिकनचा ब्रेस्टपीस पांढरा असतो ना, ते हेच, झटक्याच्या कामाचे स्नायू. लांब पल्ल्याच्या बदकाची छाती लालभडक असते.

आता स्पीड. यांचा विलायती भाऊबंद फेझंट, तो आरामात ताशी ६० ते ७५ किलोमीटरने जातो, मागे कोणी लागलं तर ९५ च्या आसपास. पाम बीच रोडवरची गाडीच म्हणा ना. आणि गंमत म्हणजे गिनीज बुक निघालं ते याच भांडणातून. १९५१ ला आयर्लंडमध्ये गिनीज या बिअर कंपनीचे सर ह्यू बीव्हर शिकारीला गेले, गोल्डन प्लोव्हर नावाच्या पक्ष्यावरचा नेम चुकला, मग युरोपात शिकारीच्या पक्ष्यांत जास्त फास्ट कोण, हा प्लोव्हर की ग्राऊस (तिकडचा तितरासारखा पक्षी), यावर वाद, आणि उत्तर एका पुस्तकात मिळेना! १९५५ ला बुकच काढलं. त्या प्लोव्हरचा चुलतभाऊ सोन चिखल्या थंडीत आपल्या ठाणे खाडीवर येतो, असो.

मला बोलायचंय ते वणव्याचं. दर उन्हाळ्यात टेकडीला कोणीतरी आग लावतं. दोनशे मीटरची झेप घेणाऱ्याला दोनशे मीटरच्या आत दुसरी जाळी लागते, आणि यंदा मार्चमध्ये अख्खा उतार काळा होता, त्या राखेत दोन तितर भर उघड्यावर पळत होते, उडून जाणार कुठे? एप्रिलपासून तर यांची अंडी जमिनीवर असतात. तेव्हा प्लीज, पुढच्या वेळी बातमीत ‘सुकं गवत जळालं, हानी नाही’ असं छापू नका.

आपला,
एक वाचक, खारघर