आवाहन : दार उघडायला माणूस नाही, म्हणून पुस्तके दारापर्यंत न्यायची आहेत

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरे म्हणजे गुढीपाडव्यालाच आपल्या हाती पडायला हवे होते. कार्यकारिणीची बैठक तीनदा पुढे गेली, आणि मधल्या काळात कारागृहातल्या आपल्या वाचनालयाला जे कुलूप लागले ते अजून निघालेले नाही. पावसाळा तोंडावर आला. आता थांबणे नको म्हणून जसे सुचेल तसे लिहितो आहे, चूकभूल पदरात घ्यावी.

कुलूप कोणी रागाने लावलेले नाही, हे आधी सांगतो. वाचनालयाची खोली स्वयंपाकघराच्या पलीकडे आहे. वीस बंद्यांना तिथे न्यायचे तर पुढे एक शिपाई, मागे एक, आणि वाचन संपेपर्यंत दारात एक उभा हवा. पूर्वी आठवड्यातून चार दिवस हे जमायचे. मग दोन दिवस झाले, मग नुसता रविवार, आणि आता तोही गेला. अधीक्षकसाहेबांनी आम्हाला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "पुस्तकं चांगलीच आहेत हो तुमची, पण दारात उभा करायला माणूस कुठून आणू?" त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. तुरुंगात जे काही बरे घडते ते कुलूप उघडल्यावर घडते, आणि कुलूप उघडणारा हातच कमी पडला की पहिली बंद होतात ती बरी कामे. गिनती (बंद्यांना जोडीने बसवून केलेली मोजणी), जेवण आणि पहारा तर चालूच ठेवावा लागतो.

हा व्याप कसा सुरू झाला ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे, तरी नव्यांसाठी लिहितो. आपले गुरुजी तरुणपणी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊन आले होते. औंध संस्थानाने १९३९ साली वसवलेली ती खुली वसाहत. शिक्षा भोगणारी माणसे तिथे उंच भिंतींशिवाय राहतात, शेती कसतात, बायकामुलांना जवळ ठेवू शकतात. गुरुजी तिथून परतले आणि घरची ११२ पुस्तके पत्र्याच्या ट्रंकेत भरून आपल्या कारागृहाच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. तीन रविवार त्यांना कोणी आत घेतले नाही. चौथ्या रविवारी घेतले. ती ट्रंक आजही मंडळाच्या कार्यालयात आहे, कडीवर गुरुजींनी बांधलेली सुतळीसुद्धा तशीच.

त्या ट्रंकेमागून किती हात आले! पेठेतल्या छापखान्याच्या मालकांनी पावतीपुस्तकांचा एक पैसा कधी घेतला नाही, आणि त्यांच्या पश्चात सूनबाईंनीही तो शिरस्ता मोडला नाही. चष्म्याच्या दुकानातल्या काकांनी चाळिशीचे नंबर काढून इतक्या जणांना चष्मे दिले की त्यांनी स्वतःच मोजणे सोडून दिले. राममंदिरातल्या भजनी मंडळाच्या बायकांनी दर थंडीत जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. त्यांतली सर्वांत थोरली आजी गेली तेव्हा तिच्या उशाशी अर्धी टाचलेली गोधडी होती, ती तिच्या नातीने पुरी करून आणून दिली. निवृत्त पोस्टमास्तर आठवड्यातून एकदा बसून निरक्षर बंद्यांची पत्रे लिहायचे, आणि उत्तर आले नाही तर पदरच्या पोस्टकार्डावर पुन्हा लिहायचे. डॉक्टरबाईंनी दवाखाना बंद ठेवून महिला विभागात तपासण्या केल्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करून आतल्या दोघांनी पदवी मिळवली. त्यांतल्या एकाचे आज वेल्डिंगचे दुकान आहे आणि वाचनालयाच्या लोखंडी मांडण्या त्यानेच करून दिल्या, मजुरी घेतली नाही. ही सगळी आपलीच माणसे. लिहिताना ऊर भरून येतो.

आता अडचण किती मोठी आहे ते सांगतो. आदर्श कारागृह नियमावलीत दर सहा बंद्यांमागे एक पहाऱ्याचा कर्मचारी धरला आहे. दर ३०० बंद्यांमागे एक डॉक्टर आणि दर ५०० मागे एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक असावा असेही मापदंड आहेत. प्रत्यक्षात २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशभरातल्या कारागृहांतली सुमारे ३० टक्के मंजूर पदे रिकामी होती. त्याच वर्षी ४ लाख ३६ हजारांच्या जागेत ५ लाख ७३ हजार माणसे होती. म्हणजे माणसे वाढलेली आणि सांभाळणारे घटलेले, असा दोन्हीकडून ताण. आपल्या राज्यातही जागेपेक्षा बंदी कितीतरी जास्त आहेत, आणि आपले कारागृह त्याला अपवाद नाही.

हा ताण आत कुठे कुठे झिरपतो ते आमचे कार्यकर्ते दर आठवड्याला बघतात. दाढ दुखत असलेला मुलगा सरकारी दवाखान्यात न्यायचा तर मुख्यालयातून पोलीस पार्टी यावी लागते. ती बंदोबस्ताला गेली असली की आजचा उद्या होतो आणि उद्याचा पुढचा आठवडा. कोर्टाच्या तारखेचेही तेच. पडद्यावरून सुनावणीची सोय झाली खरी, पण बराकीतून पडद्याच्या खोलीपर्यंत आणायलाही शिपाईच लागतो. मुलाखतीला, म्हणजे आतल्या मुलाला भेटायला, घाटाखालच्या वाडीवरून दोन एसट्या बदलून आलेली आई, नंबर येईपर्यंत वेळ संपली म्हणून डब्यासकट परत जाते. मागच्या महिन्यात अशी एक माउली आमच्या ओसरीवर बसून रडली. तो डबा मुलाला देता येत नाही हेही तिला फाटकावरच कळले होते.

रात्रीचे तर बोलायलाच नको. एक शिपाई आणि पाच-सहा बराकी. कोणाच्या छातीत कळ आली की बाकीचे थाळ्या वाजवतात. शिपाई धावत येतो, पण रात्री त्याला एकट्याने कुलूप काढता येत नाही, अधिकारी आणि किल्ल्या येईपर्यंत तो गजांबाहेरून धीर देत उभा असतो. आणि जिथे शिपायाची नजर पोचत नाही तिथे बराकीतला एखादा दांडगा राज्य करू लागतो. पंख्याखाली कोण झोपणार आणि संडासाच्या दारात कोण, हे तो ठरवतो. नवा आलेला भेदरट पोरगा पहिल्या पंधरा दिवसांत कोमेजतो तो यामुळे. २०२२ मध्ये देशातल्या कारागृहांत ११९ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. कोणीतरी वेळेवर जवळ बसून बोलले असते तर, हा प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही.

महिला विभागाबद्दल लिहिताना हात जड होतो. तिथे स्त्री कर्मचारीच लागतात आणि त्या आणखी कमी. सहा वर्षांपर्यंतची मुले आईजवळ राहू शकतात. त्यांना बाहेरच्या बालवाडीत नेऊन आणायला एक शिपाईताई होत्या, त्यांची बदली झाली, जागा भरली नाही. तेव्हापासून मुले दिवसभर आवारातच. आमच्या ताई खाऊ घेऊन गेल्या तर तीन चिमुरडी खेळत होती. खेळ कसला? दोघांनी जोडीने खाली बसायचे आणि तिसऱ्याने बोट दाखवत मोजायचे. गिनतीचा खेळ. ताई त्या दिवशी घरी येऊन जेवल्या नाहीत.

मंडळाने शिपायांसाठी काही करावे की नाही यावर बैठकीत वाद झाला होता, म्हणून माझे मत स्पष्ट लिहितो. करावे, आणि आधी करावे. सलग दोन पाळ्या उभा राहिलेला माणूस तिसऱ्या दिवशी शांतपणे उत्तर कसे देणार? त्यांच्याही साप्ताहिक सुट्ट्या जातात, दिवाळी भिंतीआड जाते. आत मोबाईल नेता येत नाही. लाल गेटवरच्या एका हवालदारांच्या मुलीचा बारावीचा निकाल होता त्या दिवशी ते दुसऱ्या पाळीला थांबलेले. मुलगी ७८ टक्क्यांनी पास झाल्याचे त्यांना आमच्या ताईंकडून दुपारी साडेतीनला कळले. त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले, टोपी घातली आणि पुन्हा दारात उभे राहिले. या माणसाचा जीव शांत राहिला तर आतल्या शंभर जणांचा राहील.

गेल्या वर्षीही आम्ही असेच पत्र घरोघर दिले होते. जे आले त्यातून गोधड्यांचे अस्तरही निघाले नाही. पैसे कमी आले याचे तितके वाटले नाही, पण गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत भर सभेत कोणीतरी म्हणाले, "चोरांना कशाला देणगी? आत फुकट खातात." सभेत पोस्टमास्तरांचे चिरंजीव बसले होते, त्यांनी मान खाली घातली. ते अजून टोचते. आत असलेल्या दर चार जणांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून कोर्टात शाबीत व्हायचा आहे. कित्येकांना जामीन मंजूर आहे, तो भरायला कोणी नाही. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी पैशांच्या मदतीची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर बंधपत्रावर सुटकेची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. जन्मठेपेचे वा फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त गुन्ह्यांत वा खटल्यांत अडकलेले त्यातून वगळले आहेत. पण कागद जुळवून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत नेणार कोण? ज्याने ते करायचे त्या कर्मचाऱ्याकडे आधीच तिघांचे टेबल आहे. तिथे आपले वकील आणि निवृत्त कारकून बसू शकतात. जितकी माणसे कायद्याने सुटतील तितकी आतली गर्दी कमी, आणि आहेत त्या शिपायांनाच श्वास घेता येईल. रिकाम्या जागा भरणे सरकारचे काम आहे, त्यासाठीचे सह्यांचे निवेदनही कार्यालयात ठेवले आहे.

या वर्षीची गरज अशी : बराकीच्या गजांपर्यंत जाणाऱ्या चार पुस्तकगाड्या (एकीला अंदाजे ९,००० रु.), महिला विभागातच बालवाडी चालवायला निवृत्त अंगणवाडीताईंचे वर्षाचे मानधन ७२,००० रु., मुलाखतीला येणाऱ्यांसाठी फाटकाबाहेर पत्र्याची शेड व बाके ८५,००० रु., शिपायांच्या विश्रांतीच्या खोलीत पाण्याचे यंत्र व सहा खाटा ४०,००० रु., कर्मचारी वसाहतीतल्या मुलांची संध्याकाळची शिकवणी (शिक्षक हवेत, पैसे नकोत). एकूण २,३३,००० रु., हाती ३१,५०० आहेत. पुस्तकगाड्यांची आणि बालवाडीची परवानगी मिळाली आहे, शेडचा अर्ज गेला आहे. रोख वा धनादेश कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८, सोमवार बंद. खाते क्रमांक पावतीच्या मागे छापला आहे. वस्तू द्यायच्या असल्यास आधी विचारावे. वेळ देणाऱ्यांनी (वकील, समुपदेशक, शिक्षक, पत्रे लिहिणारे) आधारची प्रत व दोन फोटो १५ जूनच्या आत द्यावेत, पोलीस पडताळणीला वेळ लागतो. महिन्यातून दोन दुपारीही पुरतात, पण कबूल केलेला वार चुकवू नये, आतली माणसे वाट बघतात.

आपला,
कार्यवाह

ता. क. : गोधड्या धुऊन, उन्हात वाळवून आणाव्यात. नाडीचे, दोरीचे किंवा पट्ट्याचे कपडे देऊ नयेत, ते आत घेत नाहीत. बालवाडीसाठी रंगीत खडू आणि चित्रांची मोठी पुस्तके चालतील, त्यांत गाय, कुत्रा, बैलगाडी, एसटी अशी चित्रे असलेली आधी हवीत.