गाणं चांगलंच आहे, पण किती वेळा वाजवायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखादं हिट गाणं लोकांना नकोसं झालं की सगळे त्या गाण्याला आणि गाणाऱ्यालाच नावं ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. बऱ्याचदा गाणं चांगलंच असतं, आपण ते वाजवून वाजवून त्याची वाट लावतो. 'झिंगाट'चंच घ्या ना. २०१६ ला 'सैराट' आला, अजय-अतुलनी त्याच्या म्युझिकसाठी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, एवढी मेहनत घेतली, आणि आपण काय केलं तर हळदीला तेच, वरातीला तेच, सोसायटीच्या गॅदरिंगला तेच, विसर्जनाला परत तेच, आणि डीजेच्या भिंतीतून नुसती धडधड, ना शब्द कळत ना सूर. आता ते सुरू झालं की लोक खिडक्या लावून घेतात. घरी निवांत हेडफोनवर ऐका, अजूनही भारी वाटतं.

मानसशास्त्रवाल्यांनी हे कधीच सांगून ठेवलंय. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट परत परत समोर आली की ती आवडायला लागते, पण डॅनियल बर्लाइन यांनी पुढे मांडलं की एका मर्यादेनंतर तीच आवड उतरायला लागते. त्यात ते गाणं बंद करायचं बटण आपल्या हातात नसेल तर मग राग येणारच.

सगळ्यात जास्त वाईट मला दुकानातल्या स्टाफचं वाटतं. लक्ष्मी रोडला किंवा जंगली महाराज रोडला खरेदीला गेलो की आपण अर्ध्या तासात बाहेर, पण काउंटरवरची मुलगी शटर उघडल्यापासून रात्री शटर पडेपर्यंत तीच पंधरा-वीस गाणी ऐकत उभी असते, सणासुदीला तर विचारूच नका, आणि वर गिऱ्हाईकाशी हसून बोलायचं. तिला कुणी विचारतं का की बाई गं, काय लावू? हा त्रास कुणी त्रास म्हणून धरतच नाही, कारण काय तर गाणीच आहेत ना.

नियम आहेत, नाही असं नाही. राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हे २००० सालच्या नियमांत आहे (ते किती पाळलं जातं हे म्हात्रे पुलाजवळ डीपी रोडला लग्नाच्या सीझनमध्ये येऊन बघा). पण हे नियम आवाज मोजतात, तेच गाणं दिवसातून कितव्यांदा लागलं हे कोण मोजणार?

याच पुण्यात आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीला गीतरामायण सुरू झालं, आठवड्याला एक नवीन गाणं, अशी ५६ गाणी वर्षभर चालली. पुढच्या गाण्यासाठी आठवडाभर थांबायचं. तो काळ परत येणार नाही मला माहितीये, पण थांबण्यातली ती मजा पूर्ण घालवलीच पाहिजे असं कुठंय?

म्हणून मंगल कार्यालयवाल्यांना, मंडळांना मनापासून विनंती आहे की डीजेला आधीच सांगा, एक गाणं एका कार्यक्रमात एकदाच. मराठीत नाचायला गाण्यांची काय कमी आहे का, लावणी आहे, कोळीगीतं आहेत, गोंधळ आहे. पीएमपीच्या बसमध्ये मोबाईल स्पीकरवर लावणाऱ्यांना कंडक्टरनी सरळ बंद करायला सांगावं, बाकी प्रवाशांनी पण त्यांच्या बाजूनी बोलावं. आणि दुकानमालकांनो, प्लेलिस्ट दर आठवड्याला बदला, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा तासभर स्पीकर बंद ठेवा, नाहीतर सरळ स्टाफच्या हातात फोन द्या आणि त्यांना हवी ती गाणी लावू द्या.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे